चार नंबरचा काटा

विमानतळावर नोकरी करतो म्हटलं की आमच्या वऱ्हाडात माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, विमान चालवता काय? दुसरा, मग फुकट बसायले भेटत असन? दोन्हींचं उत्तर नाही असं आलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि बिस्किटांची बशी हळूच आत जाते.

मी विमान चालवत नाही. विमानात बसण्याआधी तुम्ही ज्या काउंटरपुढे उभे राहता, बॅग ठेवता आणि खिडकीची सीट मागता, तिथली संगणक यंत्रणा सांभाळतो. ती चालू असली की मी कोण हे कोणाला ठाऊक नसतं. बंद पडली की हाक येते, "सुधीरभाऊ, कॉम्प्युटर मेला पाहा." एवढंच माझं हवाई जीवन.

आमचं विमानतळ अमरावती आणि अकोला यांच्या मधल्या एका माळावर, मूर्तिजापूरच्या जरा अलीकडे आहे. दोन्ही शहरांना विमानतळ हवं होतं, आणि दुसऱ्याला मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं. म्हणून ते दोघांनाही सारखंच गैरसोयीचं पडेल अशा जागी बांधलं. नाव कोणाचं द्यायचं हे अजून समितीपुढे आहे. इमारतीवर नुसतं 'विमानतळ' लिहिलंय आणि त्याच्याआधी एक शहर मावेल एवढी जागा पांढरी रंगवून ठेवलीय. आत चार काउंटर आहेत. पहिले दोन अमरावतीचे आणि पुढचे दोन अकोल्याचे, असं कोणी कधी ठरवलेलं नाही. पण एक नंबर मोकळा असताना अकोल्याचा माणूस चार नंबरच्या रांगेत पंधरा जणांमागे उभा राहतो. "इकडे या ना," म्हटलं तर म्हणतो, "राहू द्या भाऊ, आमी आमच्याच बाजूनं बरे."

खरं तर हे काउंटर ना अकोल्याचे, ना अमरावतीचे, ना कोणत्या विमान कंपनीचे. हीच माझ्या धंद्याची गंमत. आमची यंत्रणा सामायिक आहे. मंगल कार्यालयासारखं समजा. हॉल, खुर्च्या, भांडी, स्वयंपाकघर सगळं मालकाचं. आज त्यात एकाचं लग्न, उद्या दुसऱ्याचं. तसं सकाळी एका कंपनीची मुलगी काउंटरवर बसून आपला पासवर्ड टाकते, तेव्हा तो संगणक, तिकीट छापायचं यंत्र, बॅगेवरची चिठ्ठी छापणारं यंत्र आणि बॅग तोलायचा काटा, सगळं त्या कंपनीचं होतं. दुपारी दुसरी येते, तिचं होतं. आतल्या खोलीत लोखंडी कपाटात मोठी यंत्रं असतात, ती हा सगळा संसार एकत्र बांधून ठेवतात. मी त्या कार्यालयाचा रखवालदार.

आता काट्याकडे येतो.

चार नंबरच्या काउंटरला लागून महिला बचत गटाचं दुकान आहे. ते चालवतात शोभाताई, नांदगाव खंडेश्वरकडच्या, फुलमळा असलेल्या घरच्या. विमानातून पुढारी उतरले की त्यांना हार लागतात, आणि आमच्याकडे उतरणाऱ्यांत पुढारी नसलेली माणसं कमी. हारांसाठी शोभाताईंची फुलं पोत्यांनी येत, सुरक्षेच्या यंत्रातून तपासून निघत आणि दुकानात जाताना चार नंबरच्या काट्यावर क्षणभर टेकत. एवढंच. सुरुवात एवढीच होती.

त्या जुन्या काट्याचे लाल आकडे प्रवाशाच्या बाजूला असत. लांबून दिसत. वजनमापवाल्यांचा शिक्का असलेला, कोणाच्या बापाला न भिणारा काटा. शोभाताईंच्या लक्षात आलं की घरून निघताना आपण जे वजन धरतो, तेच हा काटा दाखवतो, आणि बाजारात मनोहरशेठ अडत्याच्या काट्यावर मात्र फुलं एकाएकी वाळतात. शेठ आधी पोत्याचं वजन कापायचे. मग पाण्याचं. मग देठांचं. शोभाताई म्हणायच्या, "एक दिवस हा माणूस वासाचं वजन कापीन."

मग त्या बाजारात सांगू लागल्या, "शेठ, विमानतळाचं वजन आहे." शेठला त्याच वजनाचे पैसे द्यावे लागत. हळूहळू शेजारच्या चार मळ्यांची पोतीही शोभाताईंच्या टेम्पोतून येऊ लागली. सकाळचं विमान यायच्या आधी चार नंबर मोकळाच असायचा. पोतं टेकायचं, लाल आकडा पाहायचा, पोतं उचलायचं, टेम्पो अकोल्याच्या बाजाराला रवाना. विमानाला त्रास नाही, संगणकाला पत्ता नाही. विमान कंपनीची, चार नंबरवर बसणारी मुलगी, प्रणाली, तर आकडे मोठ्यानं वाचून दाखवायची, वर्गातली हजेरी घेतल्यासारखे.

आणि मग नवी यंत्रणा मंजूर झाली.

सरकारी कारभारात नवी वस्तू मिळवायची तर जुनी वस्तू वाईट आहे हे सिद्ध करावं लागतं. जुनी कपाटं खरोखरच थकली होती. त्यांचे सुटे भाग जगात कुठेच मिळत नव्हते. पण मंजुरी एकाच ओळीत होती: संगणक, छापयंत्रं आणि काटे, संपूर्ण संच. आमचे मोठे साहेब म्हणाले, "अर्धा संच वाईट आणि अर्धा चांगला असं वर चालत नाही. सगळ्यांपुढे सारखंच लिहा." तेव्हा संगणकांपुढे 'विश्वासार्ह नाही' असं लिहिलं गेलं आणि काट्यांपुढेही 'विश्वासार्ह नाही'. तालुक्यातला एकमेव खरा काटा कागदावर खोटा झाला.

नवे काटे पाहायला शोभाताई आल्या. गुळगुळीत, करडे, सुंदर. त्यांनी चारही बाजूंनी फिरून पाहिलं.

"आकडे कुठी आहेत याचे?"

"आकडे आता संगणकाच्या पडद्यावर, ताई. प्रणालीलेच दिसतीन."

"म्हंजे मायं वजन तिले दिसन अन् मले नाई?"

"नवी पद्धत आहे."

"नवी कायची? मनोहरशेठची हेच तं पद्धत हाये."

मी नव्या काट्यावरचं प्लास्टिक सोलू लागलो. 

यंत्रणा बसवून द्यायला पुण्याहून केळकर आले. अतिशय सज्जन आणि अतिशय रेखीव माणूस. त्यांच्याकडे रंगीत चौकोनांचा तक्ता होता. हिरवा चौकोन म्हणजे झालं, पिवळा म्हणजे होतंय, लाल म्हणजे केळकर. अशी बदली जगभर रात्री करतात, विमानं झोपलेली असताना. आमच्या धावपट्टीला दिवे नाहीत, त्यामुळे सूर्य मावळला की विमानतळाला कुलूप लागतं आणि किल्ली मोठ्या साहेबांच्या घरी जाते. म्हणून काम दिवसाच करायचं ठरलं, सकाळचं विमान गेल्यावर आणि दुपारचं यायच्या आत. लग्न चालू आहे, पंगत बसलेली आहे आणि मालक खालच्या सतरंज्या बदलतोय, असा प्रकार.

एक पथ्य मात्र केळकरांनी कडक पाळलं, आणि ते आमच्या धंद्यातलं खरं शहाणपण आहे. नवं सुरू केलं तरी जुनं बंद करायचं नाही. जुनी कपाटं बाजूला घुरघुरत ठेवायची, म्हणजे नव्यानं दगा दिला तर मागे फिरता येतं.

दिवस कोणता? तो मोठ्या साहेबांनी ठरवला. खंडेनवमी, म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी यंत्रांची पूजा होणारच, हार येणारच. त्याच हारांत नव्या यंत्रणेचं उद्घाटन उरकेल आणि एक कार्यक्रम वाचेल, असा हिशेब.

केळकरांनी मला विचारलं, "या तारखेत काही अडचण दिसते का तुम्हाला?"

मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी दसरा आहे."

"दसरा ही अडचण कशी काय?"

"झेंडू," मी म्हटलं.

त्यांनी तक्त्यात लिहिलं, 'सुट्टीमुळे कर्मचारी कमी.' आणि चौकोन हिरवा केला.

खंडेनवमीला पहिले तीन काउंटर लोण्यासारखे बदलले. जुना संगणक उचलायचा, नवा ठेवायचा, तारा जोडायच्या, चाचणीचं तिकीट छापायचं. नारळ फक्त एक नंबरवर फोडला, कारण पाणी उडू नये असं केळकरांनी लेखी कळवलं होतं. चार नंबर शेवटी बदलला. तोवर दुपारच्या विमानाची माणसं येऊ लागली होती आणि प्रणालीनं नव्या यंत्रणेवर पहिला प्रवासी घेतला. वानखडे सर, मूर्तिजापूरचे निवृत्त मास्तर, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते, मुलाकडे मुंबईला निघालेले. सामान म्हणजे एक पिशवी. ती तोलली, चिठ्ठी लागली, सर जाऊन खुर्चीत ताठ बसले.

तेवढ्यात मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली. फोटो. सगळा कर्मचारीवर्ग एक नंबरपाशी, हार घातलेल्या संगणकाभोवती गोळा झाला. प्रणाली धावत गेली. तिच्या पडद्यावर वानखडे सरांचं पान तसंच उघडं राहिलं.

आणि टेम्पो आला.

दसऱ्याचा झेंडू म्हणजे रोजची दोन पोती नव्हेत. पाच मळ्यांची फुलं होती. शोभाताई चार नंबरपाशी उभ्या. पडदा पलीकडच्या बाजूला. पुढे तो पडदा कोणी त्यांच्याकडे वळवून दिला, याची चौकशी झाली, पण निष्पन्न काही झालं नाही. त्या फोटोत मी नाही, एवढंच आज सांगतो.

पोतं टेकलं, आकडा आला, पोतं उचललं. दुसरं टेकलं. तिसरं. जुना काटा नुसता तोलायचा आणि विसरून जायचा. नवा काटा हुशार. त्याच्यावर वजन स्थिर झालं की तो ती एक बॅग समजतो आणि उघड्या पानावरच्या प्रवाशाच्या नावावर चढवतो. फोटोतली माणसं हसत होती, शोभाताई तोलत होत्या आणि वानखडे सर श्रीमंत होत होते.

टेम्पो भरून गेला. फोटो संपला. मग सरांचा फोन वाजला. तिकीट मुलानं काढलेलं, त्यामुळे बॅगांचे संदेश त्याच्या फोनवर. सर फोन कानापासून लांब धरून बोलत, आणि तिकडचंही सगळ्या हॉलला ऐकू येई.

"बाबा, घर रिकामं करून येऊन राहिले का?"

"काहून रे?"

"तुमच्या नावावर अठरा बॅगा दाखवून राहिलं. मेसेजवर मेसेज येऊन राहिले."

"मायाजवळ एक पिशवी होती. तिच्यात सांबारवडी आहे. तुह्या आईनं देल्ली."

"बाबा, एक बॅग अडतीस किलोची आहे."

सरांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "तुही आई काही सांगत नाई मले."

इकडे विमान कंपनीच्या माणसाचा रंग उडाला. आमच्याकडे येणारं विमान लहान, पंख्याचं. त्याला किती वजन झेपेल याचा हिशेब संगणक करतो, आणि संगणक सांगत होता की सर येणार असतील तर बाकीचे दहा-बारा प्रवासी उतरवा. ही बातमी रांगेत पोचली तेव्हा तीन नंबरवरचा अकोल्याचा एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, "पहिले अमरावतीवाले उतरवा."

केळकर धावत आले. त्यांनी बॅगा रद्द करायचा प्रयत्न केला. नवी यंत्रणा नको म्हणाली. स्वीकारलेली बॅग प्रत्यक्ष शोधून, काउंटरवर परत आणून, पुन्हा तोलल्याशिवाय रद्द होत नाही. सुरक्षेचा नियम, आणि नियम बरोबरच आहे.

"या बॅगा कुठे आहेत?" केळकर म्हणाले.

"बोरगाव ओलांडलं असन," शोभाताई म्हणाल्या.

"बोरगाव म्हणजे कोणतं गोदाम?"

"गोदाम नाई साहेब, गाव. अर्ध्या घंट्यात अकोल्याच्या बाजारात राहीन सामान. कायच्या बॅगा?"

केळकरांनी खाली पाहिलं. नव्या काट्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. एक उचलून त्यांनी बराच वेळ न्याहाळली. माझ्या अंदाजानं पुण्यात झेंडू होतो, पण या हुद्द्यावर येत नाही.

मग ते शहाणपण कामाला आलं. जुनी कपाटं अजून घुरघुरत होती. आम्ही चार नंबर पुन्हा जुन्या यंत्रणेला जोडला, अडगळीतला जुना काटा ओढून आणला, वानखडे सरांना पुन्हा बोलावलं आणि पिशवी पुन्हा तोलली. लाल आकडे आले. सर वाकून म्हणाले, "हे बरोबर आहे." वैमानिकाला वजनाचा कागद हातानं लिहून दिला. विमान उशिरा गेलं, पण दिवस मावळायच्या आत गेलं आणि सगळ्यांना घेऊन गेलं.

नव्या यंत्रणेत मात्र ती पोती तशीच राहिली. स्वीकारलेलं, पण विमानात न चढलेलं सामान. हरवलेल्या सामानाचा विभाग कुठेतरी लांब असतो. तिथून वानखडे सरांना कितीतरी दिवस फोन येत राहिले. आपल्या बॅगा आम्ही तीन शहरांत शोधत आहोत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. सरांनी शेवटी सांगितलं की बॅगा हरवलेल्या नाहीत, त्या अकोल्यात विकल्या गेल्या आणि लोकांच्या दारांना लागल्या. तेव्हा पलीकडून विचारलं गेलं की चोरीची तक्रार नोंदवायची आहे का.

विमानतळावर मात्र दसऱ्यापासूनच बंदी आली. चार नंबरवर प्रवाशांच्या सामानाशिवाय काहीही ठेवायचं नाही. तिथं नवी यंत्रणा परत बसली, जुना काटा माझ्या खोलीत आला, आणि नवा पडदा खिळ्यानं पक्का, प्रणालीकडे तोंड करून. त्यातच मनोहरशेठला कुठून तरी कळलं की विमानतळानंच आपला जुना काटा अविश्वासार्ह ठरवलाय. बाजारात दहा माणसांसमोर ते शोभाताईंना म्हणाले, "इतके दिवस खोट्या काट्याचं वजन सांगत होत्या बाई तुमी." पोत्याचं, पाण्याचं आणि देठांचं वजन पुन्हा कापलं जाऊ लागलं. बाकीच्या चार मळ्यांचे लोक शोभाताईंकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले, हे सगळ्यात वाईट.

शोभाताई दुकानात येऊन नुसत्या हार गुंफत बसायच्या. मी म्हटलं, "ताई, मले वाईट वाटते."

"तुमाले वाटून काय फायदा? तुमचा काटा होता थो. तुमीच त्याले खोटा म्हनलं."

बरोबर होतं. मी जाऊन माझ्या खोलीत बसलो.

इकडे केळकरांच्या तक्त्यात एकच चौकोन लाल उरला होता. काट्यांची चाचणी. नव्या नियमाप्रमाणे रोज सकाळी प्रत्येक काट्यावर माहीत असलेलं वजन ठेवून पाहायचं, आणि पहिली चाचणी झाल्याशिवाय हस्तांतराच्या कागदावर सही नाही. सही नाही तर केळकर पुण्याला जाऊ शकत नव्हते, आणि दिवाळी जवळ आली होती. चाचणीची पितळी वजनं निघाली होती म्हणे. पण विमानतळाला नावच नसल्यामुळे पेटीवर कोणी अमरावती लिहिलं होतं, कोणी ते खोडून अकोला. पेटी दोन शहरांच्या गोदामांमधून येरझारा घालत होती. आजही घालते आहे.

केळकर माझ्या खोलीत येऊन बसले. नियमपुस्तक मांडीवर. "यात लिहिलंय, पितळी वजनं नसतील तर योग्य असा कोणताही ज्ञात भार चालेल. पण भार ज्ञात असायला हवा. तो चालू शिक्का असलेल्या काट्यावर तोललेला हवा. असा काटा इथे कुठून आणायचा?"

मी कोपऱ्यातल्या जुन्या काट्यावरचं फडकं काढलं. वजनमापवाल्यांचा शिक्का झळकत होता. मुदत अजून बाकी.

"पण हा तुम्हीच अविश्वासार्ह ठरवलाय."

"तो कागद आमचा आहे साहेब. शिक्का सरकारचा आहे."

केळकरांनी शिक्क्यावरची तारीख बोट ठेवून दोनदा वाचली. त्यांच्या डोळ्यांपुढे घरचं अंगण आलं असावं. मग अगदी हळू म्हणाले, "आणि योग्य भार?"

मी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. टेम्पो उभा होता.

त्यानंतर आमच्याकडे रोज सकाळी जे घडतं ते पूर्ण नियमानुसार घडतं. जुन्या काट्यावर पोतं तोलायचं, तो झाला ज्ञात भार. तेच पोतं बाकीच्या काट्यांवर फिरवून चार नंबरवर ठेवायचं, नवी यंत्रणा चाचणीच्या अवस्थेत, कोणाही प्रवाशाचं पान उघडं नाही. नियमपुस्तकात असंही आहे की आकडा साक्षीदाराला दिसला पाहिजे, म्हणून पडद्याचा खिळा काढला. साक्षीदार म्हणून रोज शोभाताईंची सही. पोती जास्त असतील तर चाचण्या जास्त. वरून कौतुकाचं पत्र आलंय की काट्यांच्या चाचणीत आमचं विमानतळ सगळ्यांच्या पुढे आहे. नव्या खऱ्या काट्याला खरा ठरवायला रोज एक कागदोपत्री खोटा काटा लागतो, हे पत्रात नाही.

पण बाजारात मनोहरशेठ ऐकायला तयार नव्हते. "जुना खोटा, तं नवाही खोटाच," म्हणत. शोभाताई सहीचा कागद दाखवायच्या, शेठ चष्मा घरी राहिला म्हणायचे.

तुळशीची लग्नं झाल्यावर एका सकाळी शेठ स्वतः विमानतळावर आले. मुलीकडे निघाले होते. अकोल्याचे, म्हणून चार नंबर. बॅग ठेवली. प्रणालीनं पडदा पाहिला.

"काका, वजन जास्त होऊन राहिलं. पाच किलो कमी करा."

"तुहा काटा खोटा असन, पोरी."

फुलांच्या दुकानातून शोभाताई उठून आल्या. हातात अर्धा हार. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

"शेठ, कायले त्रास घेता," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "प्रणाली, बॅगेचं वजन काप. मंग त्याईच्या कपड्याच्या ओलीचं काप. काही देठं असतीन तं तेही काप."

रांगेत कोणीतरी हसलं. त्या रांगेतली निम्मी माणसं शेठच्या काट्यावर तोललेली होती.

प्रणाली गंभीरपणे म्हणाली, "ताई, या काट्यावर काही कापता येत नाई. खोटा आहे म्हनता तं तक्रार लिहून द्या काका. मंग चार नंबरवरचं कोनतंच वजन धरनार नाई. तुमची बॅगही विमानात जानार नाई."

 शेठनी खाली बसून बॅग उघडली, एक कोट काढून अंगात घातला, त्यावर दुसरा घातला, आणि फराळाचा एक डबा काखेत धरला. बॅग पुन्हा काट्यावर ठेवली. शोभाताई शेजारी उभ्याच होत्या.

"शेठ, बरोबर दाखवून राहिला ना?"

दोन कोटांत घामाघूम झालेल्या शेठनी आकडा वाचला, रांगेकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरोबर आहे."

"चष्मा आहे वाटते आज," असं म्हणून शोभाताई हार गुंफायला गेल्या.